बास्केटबॉलचे जनक, पण हरणारे प्रशिक्षक : डॉ. जेम्स नेस्मिथ



अमेरिकेतील कॅन्सस विद्यापीठाचा बास्केटबॉल संघ १८९८-९९ पासून खेळत आहे. त्या देशातील नामवंत संघांत त्याची गणना होते. सव्वाशे वर्षांच्या या काळात संघाला जे मुख्य प्रशिक्षक लाभले, त्यांपैकी केवळ एकाच्या नावावर विजयांपेक्षा पराभव अधिक आहेत. ५५ विजय आणि ६० पराभव. आश्चर्याची गोष्ट अशी की हे प्रशिक्षक म्हणजे डॉ. जेम्स नेस्मिथ, ज्यांनी बास्केटबॉल हा खेळच शोधून काढला. खेळ त्यांचा, नियम त्यांचे आणि हरणारा संघही त्यांचाच!

या अंकात आम्ही नेस्मिथ यांचे चरित्र मुद्दाम देत आहोत. शाळेत खेळ कशासाठी असावा, या प्रश्नाचे उत्तर त्यांच्या आयुष्यात आम्हाला सापडते. हा प्रश्न जितका मुलांचा आहे, तितकाच पालकांचा आणि विश्वस्तांचाही आहे.

पोरका मुलगा

जेम्स नेस्मिथ यांचा जन्म ६ नोव्हेंबर १८६१ रोजी कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतात, आल्मॉन्ट गावाजवळ झाला. घराणे मूळचे स्कॉटिश. १८७० साली विषमज्वराच्या साथीत त्यांचे आई-वडील दोघेही गेले. जेम्स तेव्हा अवघ्या नऊ वर्षांचा होता. पुढे मामाने भावंडांचा सांभाळ केला. मामाच्या घरी लाड नव्हते, कामे भरपूर होती. घोडे हाकणे, लाकडे फोडणे, शेतात राबणे हे सर्व लहानपणीच अंगवळणी पडले.

अभ्यासात हा मुलगा चमकत नव्हता. शाळा अर्धवट सोडून तो जंगलात लाकूडतोडीच्या कामाला गेला. चार-पाच वर्षे कुऱ्हाड चालवल्यावर शिक्षणावाचून तरणोपाय नाही हे त्याला उमगले आणि आपल्यापेक्षा लहान मुलांच्या शेजारी बसून त्याने शाळा पूर्ण केली. १८८३ साली तो माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात दाखल झाला. दहावीला एकदा अपयश आले म्हणून पुस्तके माळ्यावर टाकणाऱ्या मुलांनी हा प्रसंग नीट लक्षात ठेवावा.

लहानपणी गावातली मुले एक खेळ खेळत. मोठ्या दगडावर एक लहान दगड ठेवायचा आणि लांबून दगड मारून तो पाडायचा. एक जण त्या दगडाची राखण करी. आपल्या लगोरीच्या जवळपास जाणारा हा खेळ. जोराने सरळ मारलेला दगड नेम चुकला की फार दूर जाई आणि तो आणायला गेलेला मुलगा हमखास पकडला जाई. मात्र हळुवार, कमान काढून टाकलेला दगड नेम साधी आणि जवळच पडे. ही गोष्ट जेम्सच्या मनात कुठेतरी राहून गेली. तिचा उपयोग पुढे कसा झाला, ते लवकरच दिसेल.

धर्मपीठ की मैदान?

नेस्मिथ यांना धर्मोपदेशक व्हायचे होते. मॅकगिलची पदवी घेतल्यावर त्यांनी माँट्रियलमध्येच धर्मशास्त्राचा अभ्यास १८९० साली पूर्ण केला. अभ्यास चालू असताना ते फुटबॉल, रग्बी, लॅक्रॉस असे अंगाशी भिडणारे खेळ खेळत. धर्माचा विद्यार्थी चिखलात लोळतो, हे त्या काळच्या अनेकांना रुचत नसे. घरच्यांनाही ते पटले नाही.

एकदा सामना ऐन रंगात असताना त्यांच्या शेजारचा खेळाडू संतापला आणि त्याच्या तोंडून शिवी निघून गेली. लगेच त्याचे नेस्मिथ यांच्याकडे लक्ष गेले आणि त्याने क्षमा मागितली. नेस्मिथ त्याला एक शब्दही बोलले नव्हते. ते फक्त शेजारी प्रामाणिकपणे खेळत होते. प्रवचनाने जे साधत नाही, ते कधीकधी मैदानावर नुसत्या सोबतीने साधते, असे त्यांच्या मनाने घेतले. धर्मपीठाचा मार्ग सोडून १८९० साली ते अमेरिकेतील स्प्रिंगफिल्ड येथील वाय.एम.सी.ए.च्या प्रशिक्षण विद्यालयात दाखल झाले आणि पुढच्या वर्षी तिथेच शिकवू लागले.

चौदा दिवसांची मुदत

आपल्या केरीत जून ते सप्टेंबर मैदानाचे काय होते, ते आपण सर्व जाणतो. पाऊस लागला की मैदानाचे तळे होते आणि मुले वर्गात कोंडली जातात. सभागृहात कवायत घेतली तर आठवडाभरात सर्वांना जांभया येऊ लागतात. स्प्रिंगफिल्डला पावसाऐवजी बर्फ, एवढाच काय तो फरक. हिवाळाभर फुटबॉल बंद, बेसबॉल बंद. उरते ती फक्त बंदिस्त व्यायामशाळा आणि तीच ती कवायत.

विद्यालयात अठरा जणांचा एक वर्ग होता. हे काही शाळकरी पोर नव्हते. वाय.एम.सी.ए.च्या शाखा चालवण्याचे शिक्षण घेणारे ते जाणते तरुण होते. कवायतीला ते इतके कंटाळले होते की दोन शिक्षकांनी त्या वर्गापुढे हात टेकले. विभागप्रमुख डॉ. ल्यूथर गुलिक यांनी १८९१ च्या हिवाळ्यात तो वर्ग नेस्मिथ यांच्याकडे सोपवला आणि बंद जागेत खेळता येईल असा नवा खेळ तयार करण्यासाठी चौदा दिवसांची मुदत दिली.

नेस्मिथ यांनी प्रथम मैदानी खेळच आत आणून पाहिले. फुटबॉलने खिडक्यांच्या काचा धोक्यात आल्या, लॅक्रॉसच्या काठ्यांनी हातापायांना मार बसू लागला. दिवस संपत आले तेव्हा त्यांनी उलट बाजूने विचार केला. खेळात हाणामारी का होते? चेंडू हातात घेऊन पळणाऱ्याला अडवण्यासाठी होते. मग चेंडू घेऊन पळायलाच मनाई केली तर? ज्याच्या हाती चेंडू येईल त्याने तो जागेवरूनच दुसऱ्याकडे फेकावा. पुढचा प्रश्न गोलाचा. गोल समोर उभा असेल तर चेंडू जोराने मारला जाणार आणि कोणाला तरी लागणार. इथे बालपणीचा तो दगडांचा खेळ कामी आला. गोल आडवा ठेवून डोक्याच्या वर बांधला तर जोर निरुपयोगी ठरेल आणि चेंडू कमान काढूनच टाकावा लागेल.

त्यांनी इमारतीची देखभाल करणाऱ्या माणसाकडे दोन खोकी मागितली. खोकी नव्हती, पीच या फळाच्या दोन टोपल्या होत्या. व्यायामशाळेच्या दोन्ही टोकांना सज्जाच्या कठड्यावर त्या ठोकल्या. सज्जा जमिनीपासून दहा फूट उंच होता. आज जगभर बास्केटबॉलची रिंग दहा फुटांवर असते, ती त्या सज्जामुळे! फुटबॉलचाच चेंडू घेतला, तेरा नियम टंकलिखित करून फलकावर लावले आणि डिसेंबर १८९१ मध्ये नऊ-नऊ जणांचे दोन संघ करून पहिला सामना झाला. टोपलीला तळ होता, त्यामुळे चेंडू आत पडला की वर चढून काढावा लागे. फार वेळा चढावे लागले नाही, कारण संपूर्ण सामन्यात एकच गोल झाला.

त्या तेरा नियमांत पाचवा नियम आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. खांद्याने ढकलणे, धरणे, पाय घालून पाडणे, मारणे या सर्वांना त्यात बंदी होती. दुसऱ्यांदा असे करणाऱ्याला पुढचा गोल होईपर्यंत बाहेर बसावे लागे. इजा करण्याचाच हेतू दिसला तर उरलेला पूर्ण सामना बाहेर, आणि बदली खेळाडूही मिळणार नाही. म्हणजे अनुशासन हा या खेळाला नंतर चढवलेला मुलामा नाही. त्याच्या पायातच तो दगड बसवलेला आहे.

खेळ भारतात आला

जानेवारी १८९२ मध्ये विद्यालयाच्या नियतकालिकात हे नियम छापले गेले आणि वाय.एम.सी.ए.च्या शाखांमार्फत खेळ झपाट्याने पसरला. त्याच वर्षी जवळच्या स्मिथ महाविद्यालयात सेंडा बेरेन्सन या शिक्षिकेने मुलींना तो शिकवला. मुलींच्या सुरुवातीच्या एका सामन्यात खेळलेल्या मॉड शर्मन पुढे १८९४ साली नेस्मिथ यांच्या पत्नी झाल्या. मुलींनी मैदानावर उतरावे की नाही, यावर त्या काळी अमेरिकेतही वाद होते. बास्केटबॉल मात्र जन्मापासून मुलींचाही खेळ राहिला.

पहिल्या सामन्यातील एका संघाचे कर्णधार होते डंकन पॅटन. १८९४ साली तेच हा खेळ घेऊन भारतात आले. म्हणजे जन्मानंतर अवघ्या तीन वर्षांत बास्केटबॉल आपल्या देशात पोहोचला, तोही पहिल्या सामन्याच्या खेळाडूच्या हातून. पुढे १९२० साली स्प्रिंगफिल्डलाच शिकलेल्या हॅरी क्रो बक यांनी मद्रासला शारीरिक शिक्षणाचे विद्यालय सुरू केले आणि तिथून खेळाचे प्रशिक्षित शिक्षक देशात तयार होऊ लागले. आपल्या देशातील शारीरिक शिक्षणाची एक मुळी अशी थेट स्प्रिंगफिल्डपर्यंत पोहोचते.

पराभवांची नऊ वर्षे

१८९५ मध्ये नेस्मिथ डेन्व्हरला गेले. दिवसा नोकरी करत त्यांनी वैद्यकीय शिक्षण घेतले आणि १८९८ मध्ये ते डॉक्टर झाले. त्याच वर्षी लॉरेन्स या छोट्या शहरातील कॅन्सस विद्यापीठाने त्यांना बोलावले. काम दुहेरी होते : प्रार्थनागृहाची व्यवस्था पाहणे आणि विद्यार्थ्यांना शारीरिक शिक्षण देणे. बास्केटबॉल संघ त्यांनी जाता जाता उभा केला.

फेब्रुवारी १८९९ मध्ये पहिला सामना कॅन्सस सिटीच्या वाय.एम.सी.ए. संघाशी झाला. खेळाच्या जनकाचा संघ १६ विरुद्ध ५ असा हरला. १९०७ पर्यंत नऊ हंगाम ते प्रशिक्षक होते. कधी जिंकले, अधिक वेळा हरले. बऱ्याच सामन्यांत ते आपल्या संघाचे मार्गदर्शक कमी आणि पंच अधिक असत. ज्याचा संघ खेळतो आहे, त्याच्याच हाती शिट्टी द्यायला प्रतिस्पर्ध्यांची हरकत नसे, यावरून त्यांच्या सचोटीची कल्पना यावी.

ते हरत का होते? कारण जिंकणे हे त्यांच्या यादीत खाली होते. विद्यापीठातील प्रत्येक मुलाची शरीरप्रकृती तपासावी, अशक्त मुलाला झेपेल असा व्यायाम द्यावा, यात त्यांचे मन रमे. निवडक पाच खेळाडू घासून तयार करण्यापेक्षा उरलेल्या शेकडो मुलांची त्यांना अधिक काळजी होती.

त्यांच्याच संघात फॉरेस्ट अ‍ॅलन नावाचा एक हुशार खेळाडू होता. सर्वजण त्याला फॉग अ‍ॅलन म्हणत. १९०५ मध्ये बेकर या लहानशा महाविद्यालयाने त्याला प्रशिक्षक म्हणून बोलावले, तेव्हा नेस्मिथ यांनी हसून त्याला समजावले की हा खेळ शिकवण्याचा नाही, नुसता खेळण्याचा आहे. अ‍ॅलनने गुरूचे हे म्हणणे मानले नाही. तो गेला, शिकवू लागला आणि जिंकू लागला. १९०७ मध्ये गुरूच्या जागी शिष्य कॅन्ससचा प्रशिक्षक झाला. दोन टप्पे मिळून त्याने त्या संघाला ५९० विजय मिळवून दिले. त्याच्या हाताखाली खेळलेले अ‍ॅडॉल्फ रप आणि डीन स्मिथ हे पुढे अमेरिकेतील सर्वांत यशस्वी महाविद्यालयीन प्रशिक्षकांत गणले गेले. दोघांच्या नावावर आठशेहून अधिक विजय आहेत.

इथे अ‍ॅलन बरोबर होता, हे मान्य करायला हवे. खेळही शिकवावा लागतो. परंतु गुरूच्या मतापेक्षा वेगळे मत घेऊन शिष्य पुढे गेला आणि गुरूने त्याचा राग धरला नाही. दोघे त्याच विद्यापीठात पुढेही काम करत राहिले. साठ पराभवांच्या हिशेबात ही गोष्ट कुठे मांडणार?

दार उघडून देणारा गुरू

१९३३ मध्ये जॉन मॅक्लेंडन नावाचा एक कृष्णवर्णीय तरुण कॅन्ससला शिकायला आला. त्याच्या वडिलांनी त्याला बजावले होते की नेस्मिथ यांनाच मार्गदर्शक म्हणून माग. वर्णभेदाचे दिवस होते. विद्यापीठाच्या संघात कृष्णवर्णीयांना प्रवेश नव्हता. ज्या खेळाच्या जनकाच्या वर्गात तो बसत होता, तोच खेळ विद्यापीठातर्फे खेळण्याचा त्याला अधिकार नव्हता!

नेस्मिथ तेव्हा सत्तरी ओलांडलेले होते. संघाचे नियम बदलण्याची सत्ता त्यांच्या हाती राहिली नव्हती. परंतु जे हाती होते ते त्यांनी दिले. मॅक्लेंडनला त्यांनी शिष्य म्हणून जवळ केले, शिकवण्याचा अनुभव मिळवून दिला आणि पुढच्या शिक्षणासाठी हात दिला. १९३६ मध्ये मॅक्लेंडन पदवीधर झाला आणि कृष्णवर्णीयांच्या लहान महाविद्यालयांत प्रशिक्षक म्हणून त्याने काम सुरू केले. १९५७, १९५८ आणि १९५९ अशी सलग तीन वर्षे त्याच्या टेनेसीच्या संघाने लहान महाविद्यालयांची राष्ट्रीय स्पर्धा जिंकली. लहान महाविद्यालयांची ही स्पर्धा १९३७ मध्ये कॅन्सस सिटीत सुरू झाली, तेव्हा तिच्या पाठीशी उभे राहणाऱ्यांत वृद्ध नेस्मिथही होते. गुरूने हातभार लावलेल्या स्पर्धेत शिष्याने असे नाव काढले. ते पाहायला मात्र गुरू हयात नव्हते.

बर्लिन आणि अखेरची वर्षे

१९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये बास्केटबॉलचा प्रथमच समावेश झाला. फॉग अ‍ॅलन यांनी त्यासाठी पुष्कळ खटपट केली होती. नेस्मिथ यांना बर्लिनला पाठवण्यासाठी खेळप्रेमींनी निधी जमवला, कारण स्वतःच्या खर्चाने जाण्याइतकी त्यांची ऐपत नव्हती. २१ देशांचे संघ आले होते. पहिल्या सामन्याचा चेंडू नेस्मिथ यांच्या हातून उडवला गेला. अंतिम सामना झाला अमेरिका आणि कॅनडा यांच्यात, म्हणजे एका बाजूला त्यांची कर्मभूमी आणि दुसऱ्या बाजूला जन्मभूमी. बंद छपराखाली खेळण्यासाठी निर्माण केलेला हा खेळ त्या दिवशी उघड्यावर, मातीच्या कोर्टवर, भर पावसात खेळला गेला. चिखलात चेंडू उसळेना. अमेरिका १९-८ अशी जिंकली. विजेत्यांना पदके नेस्मिथ यांच्या हस्ते मिळाली.

१९३७ मध्ये ते निवृत्त झाले आणि २८ नोव्हेंबर १९३९ रोजी लॉरेन्स येथे त्यांचे निधन झाले. आपल्या खेळाचे पेटंट त्यांनी कधी घेतले नाही आणि त्यातून संपत्तीही जोडली नाही. डिसेंबर २०१० मध्ये न्यूयॉर्कला त्यांच्या त्या तेरा नियमांच्या मूळ कागदांचा लिलाव झाला आणि त्याला ४३ लाख डॉलर मिळाले. आज ते दोन कागद कॅन्सस विद्यापीठात जतन करून ठेवले आहेत. जिथे ते सर्वाधिक हरले, तिथेच त्यांचा मान सर्वांत मोठा आहे.

आपण काय घ्यावे?

पालकांना आमची एक विनंती आहे. मूल खेळून घरी आले की जिंकलास का, हा पहिला प्रश्न असू नये. कोणाबरोबर खेळलास, काय नवीन जमले, हे विचारावे. खेळाचे गुण दहावीच्या निकालात भर घालतात हे खरे, पण खेळाचा लाभ गुणपत्रिकेवर मावत नाही. परीक्षा जवळ आली म्हणून मुलाचे खेळणे बंद करू नये.

विश्वस्त मंडळापुढे आम्ही तीन गोष्टी नम्रपणे ठेवतो. पहिली, शारीरिक शिक्षणाचा तास कोणत्याही कारणाने दुसऱ्या विषयाला दिला जाऊ नये. दुसरी, शाळेच्या संघाबरोबरच प्रत्येक वर्गाचा संघ असावा आणि त्यात वर्गातील प्रत्येक मुलामुलीला वर्षातून काही सामने तरी खेळायला मिळावेत. तिसरी, शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकांचे काम कपाटातील ढालींवरून मोजू नये. एरवी कोपऱ्यात उभी राहणारी किती मुले त्यांनी मैदानात आणली, यावरून मोजावे. ढाली आल्या तर आनंदच आहे. त्या येण्यासाठी शाळा नाही, एवढेच आमचे म्हणणे.

आणि विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यासाठी एक काम. पावसाळ्यात आपल्या सभागृहात खेळता येईल असा एक नवा खेळ तयार करा. साहित्य शाळेत किंवा घरात सहज मिळणारे हवे. टोपली, दोरी, नारळाची करवंटी, जुना चेंडू, काहीही चालेल. कोणाला इजा होऊ नये आणि वर्गातील सर्वांना खेळता यावे, या दोन अटी. नियम जास्तीत जास्त तेरा. गटाने लिहा आणि हा अंक हाती पडल्यापासून चौदा दिवसांच्या आत वर्गशिक्षकांकडे द्या. निवडलेले खेळ आपण शारीरिक शिक्षणाच्या तासाला प्रत्यक्ष खेळून पाहू. पहिल्याच दिवशी खेळ फसला तर नियम बदलू आणि पुन्हा खेळू.